क्लेमने पडदा पाडला नाही

आमच्या कुराबील नाट्यमंडळाच्या सुवर्णमहोत्सवी खेळात, अगदी शेवटच्या वाक्याला, क्लेम हॅड्रिलने पडदा पाडला नाही. त्या रविवारचे माझ्या रोजनिशीतले पान अजून कोरे आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अलॉयशियसने झोपण्याआधी चार ओळी लिहायची सवय लावली, ती माझा नवरा लीओ वारला त्या दिवशीही मोडली नव्हती. त्या रविवारी मात्र तारीख लिहिली आणि पेन मिटून ठेवले.

मी बर्नी, मंडळाची प्रॉम्प्टर; नट वाक्य विसरला की विंगेतून हळूच सांगणारी. डाव्या विंगेत माझी खुर्ची आणि उजव्या विंगेत, बरोबर माझ्या समोर, क्लेमचा दोर. मंडळ सुरू झाले तेव्हापासून आम्ही दोघे असे रंगमंचाच्या दोन टोकांना आहोत. प्रेक्षक नाटक समोरून बघतात, मी बहुतेक नाटके क्लेमच्या चेहऱ्यावर बघितली.

क्लेम लोण्याच्या कारखान्यात कामाला होता, तो बंद पडेपर्यंत. उंच, हडकुळा, खांद्यात वाकलेला. आमच्या पत्र्याच्या हॉलच्या फळ्या करकरतात, म्हणून खेळाच्या वेळी तो बूट काढून जाड लोकरी मोज्यांवर उभा राहायचा. नाटक त्याने कधी वाचले नाही. तालीम सुरू झाली की दिग्दर्शकापाशी येऊन विचारायचा, "शेवटचं वाक्य तेवढं सांग. बाकी तुमचं तुम्ही बघा." मग ते वाक्य गोळीसारखे तोंडात घोळवत हिंडायचा. खेळात ते वाक्य आले, की एक श्वास थांबायचा आणि दोर सोडायचा. तो एक श्वास त्याचा. त्या श्वासात किती बायका रुमाल शोधायच्या! मंडळात खरे नाटक कळते ते क्लेमला, असे लीओ म्हणायचा.

त्याची बायको व्हेर्ना ही आमची पहिली नायिका. लहानखुरी, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या माणसालाही आपल्याच कानात बोलतेय असे वाटावे. मला तिला कधी एक शब्द सांगावा लागला नाही.

एक्याऐंशी साली आमच्याकडे नाट्यस्पर्धेला शहरातून परीक्षक आला होता. टक्कल, गळ्यात रेशमी रुमाल, बोलणे लाडिक. त्याने व्हेर्नाचे तोंडभर कौतुक केले, तिच्याबरोबर दोनदा नाचला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघून गेला. त्याच सकाळपासून व्हेर्ना दिसेनाशी झाली. कारखान्यात कुणीतरी क्लेमला विचारले, "बायको कुठाय रे?" क्लेम म्हणाला, "गेली." तो एवढेच बोलला. दुपारी स्टॅन खाटकाच्या दुकानात मटण घ्यायला गेले, तोवर गोष्ट बांधून तयार होती. कोण, कुणाबरोबर, कुठल्या डब्यात बसून, सगळे.

आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. ज्याच्यावर जीव असतो त्याची आम्ही टिंगल करतो. कुणाचे घर जळाले तर पहिल्या दिवशी जेवणाचे भांडे घेऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "थंडीचं बरं शेकून घेतलंस." ज्याची कुणी थट्टा करत नाही तो एकतर नवा आलेला, नाहीतर मरायला टेकलेला. आणि थट्टा झाली की तोंड वाकडे करायचे नाही. तो फार मोठा गुन्हा.

क्लेमने कधी तोंड वाकडे केले नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो गाडीच्या टपावर गळाची काठी बांधून मासे धरायला निघायचा आणि संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन परतायचा.

"काय रे क्लेम," स्टॅन दुकानाच्या पायरीवरून ओरडायचा, "मासेसुद्धा पळाले का?"

"त्यांनाही टक्कल आवडतं," क्लेम म्हणायचा. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी.

व्हेर्नाबद्दल गावात बातम्या यायच्या. कुणाच्या मेहुण्याला ती ब्रिस्बेनला दिसली, नाचाचे वर्ग चालवते. मग कुणी म्हणाले, फिजीला आहे, तिचे हॉटेल आहे तिथे. क्लेम या बातम्या कान देऊन ऐकायचा. वर विचारायचा, "हॉटेल केवढं आहे? समुद्राकडे तोंड आहे का?" आम्ही एकमेकांकडे बघायचो. काय माणूस आहे! मन मोठे म्हणावे, की डोक्याचा एक खिळा ढिला?

मागच्या वर्षी, थंडी लागायच्या आधी, त्याने घराची पुढची खोली लिंबाच्या रंगाने रंगवली आणि पायऱ्यांना धरायला कठडा बसवला.

"लग्नबिग्न करतोयस काय, म्हाताऱ्या?" स्टॅनने विचारले.

"बघू. ती हो म्हणाली तर."

नंतर जूनपासून, म्हणजे आमच्याकडे थंडी पडली तशी, त्याची गाडी पहिल्या रविवारीही अंगणातच दिसू लागली. "शेवटी माशांनाच दया आली," स्टॅन म्हणाला. आम्ही हसलो आणि विसरलो.

मंडळाला पन्नास वर्षे झाली तेव्हा आमचा अध्यक्ष नेव्हिल म्हणाला, की या वेळी बाहेरचे नाटक नको, गावाच्याच गोष्टी करू. मोठा पूर, कारखान्याची आग, तालमीत घुसलेली गाय, आणि शेवटी सगळ्यांची लाडकी गोष्ट: व्हेर्ना कशी पळाली. खेळाचे चित्रीकरण करून ते गावाच्या वाचनालयात कायमचे ठेवायचे होते. "आपण गेल्यावर कुराबीलची गोष्ट म्हणून हेच राहणार," नेव्हिल सभेत म्हणाला आणि मग सगळ्यांदेखत त्याने विचारले, "क्लेम, तुझी काही हरकत नाही ना?"

क्लेम खिळे निवडत बसला होता. "शेवट काय आहे?" त्याने विचारले.

"ती जहाजावर उभी राहते आणि रुमाल हलवते. 'फिजीला या कधीतरी!' असं म्हणते."

क्लेमने ते वाक्य जरा वेळ तोंडात घोळवले. "चालेल," तो म्हणाला. "त्याच्यावर पडदा छान पडेल."

व्हेर्नाचे काम केलीनला मिळाले. केशकर्तनालय चालवणारी हसरी पोरगी, व्हेर्ना गेली तेव्हा जन्मलीही नव्हती. क्लेमचे काम स्टॅनने हट्टाने मागून घेतले. पण शनिवारच्या रंगीत तालमीत शेवटाला हशा आला नाही. नेव्हिल अस्वस्थ झाला. रात्रीतून त्याने नवा शेवट लिहिला आणि रविवारी दुपारी, खेळाला लोक येऊन बसत असताना, आम्हाला विंगेत गाठून सांगितला.

"ऐका. ती जहाजावर चढते, मध्ये अंधार, आणि चाळीस वर्षांनी ती परत येते. म्हातारी, फाटकी, हातात पेटी. दार ठोठावते आणि म्हणते, 'क्लेम, मला घरात घे.' स्टॅन मासा घेऊन बाहेर येतो. 'जा, दुसरीकडे मासे तळ!' म्हणतो आणि दार धाडकन लावतो. त्यावर पडदा."

"काय म्हणते ती?" क्लेमने विचारले.

"'मला घरात घे.' मग दार, मग तू."

"ती काय म्हणते?" क्लेमने परत विचारले. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"अरे, कान गेले का तुझे?"

"हा शेवट नको, नेव्हिल. जहाजाचा राहू दे."

"लोक पोट धरून हसतील, बघ."

"हा नको."

मी चमकले. इतक्या वर्षांत कुठल्याही नाटकाबद्दल क्लेमच्या तोंडून 'नको' हा शब्द मी ऐकला नव्हता. पण बाहेर घंटा झाली. नेव्हिलने त्याच्या खांद्यावर थाप मारली, "चुकास, म्हाताऱ्या!" म्हणाला आणि पळाला. खेळाआधी आम्ही सगळे एकमेकांना चुकास म्हणतो, शुभ असते. क्लेमने उलट म्हटले नाही.

खेळ फार रंगला. गाईला तर टाळ्या थांबेनात. मग व्हेर्ना आली, लालभडक केसांचा टोप घालून, टकल्याच्या गळ्यात पडत. हॉल नुसता उसळत होता. शेवटी केलीन फाटक्या कोटात आली आणि पुठ्ठ्याच्या दारावर टकटक केली.

"क्लेम, मला घरात घे."

स्टॅनने खराखुरा मासा आणला होता, त्यातून पाणी गळत होते. "जा, दुसरीकडे मासे तळ!" तो गरजला आणि दार लावले. हशाने पत्रा हादरला.

पडदा पडेना.

मी समोर पाहिले. क्लेमचे दोन्ही हात दोरावर होते आणि तो हलत नव्हता. मला वाटले, त्याला वाक्य ऐकू आले नाही. मी स्टॅनला वाक्य परत सांगितले, त्याने दार उघडून ते परत म्हटले. हशा दुप्पट. तरी पडदा नाही. केलीन पेटी धरून उभी, स्टॅनच्या हातात मासा. मग क्लेमने दोर शांतपणे खुंटीला गुंडाळला, गाठ मारली आणि मोज्यांवर चालत तो रंगमंचावर आला.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटले, हीच नेव्हिलची गंमत. खरा क्लेम!

"ती पळाली नव्हती," क्लेम म्हणाला.

हशा.

"मीच तिला गाडीतून घेऊन गेलो. पहाटे."

"डिकीत घालून का रे?" मागून कुणीतरी ओरडले. सगळा हॉल खिदळला. क्लेम थांबला. हशा ओसरायची वाट कशी बघायची हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

"डोंगरापलीकडे," तो म्हणाला, "वेड्यांच्या इस्पितळात."

यालाही लोक हसले. पण अर्धेच. ते हसू मध्येच तुटले, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढच्या रांगेतल्या बायकांची तोंडे उघडीच राहिली, मिटायचे त्यांना सुचेना.

"आमचं बाळ जन्मतानाच गेलं, तुम्हाला माहीत आहे. जेवणं आणलीत तुम्ही. त्यानंतर ती दर रात्री उठून त्याच्या आंघोळीसाठी पाणी तापवायची. मी निजवलं की परत उठायची. इथे रंगमंचावर मात्र एक शब्द चुकायची नाही. म्हणून कुणाला कळलं नाही. त्या पहाटे ती पाण्याचं पातेलं घेऊन रस्त्यावर निघाली, तेव्हा मी गाडी काढली. जाताना म्हणाली, 'त्यांना काहीही सांग क्लेम, हे सांगू नकोस.' मी काहीच सांगितलं नाही. सांगितलंत ते तुम्ही."

माझ्या हातात संहिता होती. मी पाने चाळत होते! वेडेपणा म्हणजे काय तो हाच. जणू पुढचे वाक्य त्यात सापडणार होते.

"पहिल्या रविवारी भेटायला गेलो, तर ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. बोलेना. काय बोलावं कळेना, म्हणून मी म्हटलं, 'गावात म्हणतात, तू त्या टकल्याबरोबर पळालीस.' तर ती हसली. बाळ गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, 'त्याच्याबरोबर? त्याला तर नाचताही येत नाही!' मग दर खेपेला विचारायची, 'क्लेम, मी आता कुठे आहे?' मी सांगायचो, ब्रिस्बेनला. नाचाचे वर्ग काढलेस. मग फिजीला. हॉटेल समुद्राकडे तोंड करून आहे. म्हणून मी तुम्हाला विचारायचो, केवढं आहे. तिला खोल्या किती ते हवं असायचं."

आता हॉलमध्ये एवढी शांतता होती, की स्टॅनच्या माशातून टपटपणारे पाणी ऐकू येत होते. केलीनने लाल टोप केव्हा काढला मला कळले नाही. तो तिने पोटाशी धरला होता.

"म्हणून मला राग नाही," क्लेम म्हणाला. "तुमच्या जिवावर ती खूप हिंडली. पण मागच्या वर्षी ती बरी होती. डॉक्टर म्हणाले, नेता येईल. आणि ती म्हणाली..." तो केलीनकडे वळला. "हिने म्हटलं ना आत्ता? तेच. अगदी तेच शब्द. 'क्लेम, मला घरात घे.' मी खोली रंगवली. कठडा बसवला. जूनमध्ये आणणार होतो. मग जूनमध्ये..."

तिथे तो अडकला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. आणि मग, वाक्य विसरलेला नट करतो तसे, त्याने डाव्या विंगेकडे पाहिले.

"बर्नी," तो म्हणाला.

कित्येक नटांना मी तारून नेले आहे. त्या क्षणी माझ्याकडे काही नव्हते. मला फक्त एवढे दिसले, की इतक्या वर्षांत आम्ही तिला पळपुटी म्हटले, क्लेमची टवळी म्हटले, आजच्या संहितेतही ती नुसती 'हॅड्रिलबाई' होती.

"तिचं नाव सांग, क्लेम," मी म्हणाले.

"व्हेर्ना," तो म्हणाला. मग मोठ्याने, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे, "व्हेर्ना ग्रेस हॅड्रिल. जूनमध्ये झोपेतच गेली. तिथेच पुरली. मी होतो आणि एक नर्स होती. आणि मी दार लावलं नव्हतं. दार उघडं होतं."

त्याने पुठ्ठ्याचे दार उघडले, सताड, भिंतीला टेकेपर्यंत. ते परत मिटू नये म्हणून केलीनच्या हातातली पेटी घेऊन त्याला टेकवून ठेवली. मग मोज्यांवर चालत विंगेत गेला, गाठ सोडली. एक श्वास थांबला. आणि पडदा खाली आला, फार हळू.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी उठलेही नाही.

खेळानंतर चहा असतो, घरटी एकेक ताट आणायचे असते. सगळी ताटे मांडलेली, कुणी हात लावेना. क्लेम बूट घालून आला आणि जॅम लावलेला स्कोनचा गोड पाव घेऊन खाऊ लागला. स्टॅन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या हातात मासा तसाच.

"क्लेम, लेका, सांगायचंस ना रे."

"कधी सांगणार? सगळा वेळ तूच बोलत होतास."

स्टॅन लहान पोरासारखा रडायला लागला. दुसऱ्या कुणी काही म्हणाले असते तर बरे झाले असते. क्लेमनेच त्याला आपला रुमाल दिला आणि म्हणाला, "तो मासा आधी बर्फात ठेव. वास मारतोय." एरवी यावर हॉल कोसळला असता.

नेव्हिल पुढे आला. "क्लेम, मी ते चित्रीकरण पुसून टाकतो. निदान लोक हसले ते तरी कापतो."

"शेवट ठेवलास ना माझा?"

"ठेवला."

"मग काही कापू नकोस. डिकीवर ती हसलीच असती." आणि त्याने विचारले, "स्कोनवरची साय संपली का रे?"

सुन्नपणा गावावरून लवकर उतरला नाही. लोक दुकानात हळू बोलत. कुणी कुणाची थट्टा करेना. त्याने तर मला अधिकच भीती वाटली, सगळे गाव आजारी पडल्यासारखे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चर्चमधून आले, तर माझ्या फाटकापाशी क्लेमची गाडी. टपावर गळ. आता हा कुठे निघाला? जिथे कुणी वाट बघत नाही, तिथे?

"बर्नी, लीओ मासे धरायचा ना?"

"धरायचा की."

"मग हुक कसा बांधतात गं?"

मी गळाकडे पाहिले आणि पाहतच राहिले. मुठीवरचा दुकानातला चकचकीत कागदसुद्धा निघाला नव्हता. दर महिन्याला आमच्या डोळ्यांसमोरून गेलेला तो गळ पाण्याला लागलाच नव्हता. मला आधीच कळायला हवे होते, खेळात त्याने सगळे सांगितलेच होते. पण खरे कळले ते तो कागद बघून.

"तुला येतच नाही, क्लेम?"

"वेळ कुठे होता?"

मी शेडमधून लीओचा डबा आणला. ओट्यावर बसून त्याला गाठ दाखवली. पडद्याच्या दोराला डोळे मिटून गाठ मारणारी ती बोटे, पण बारीक दोरा त्यांना ऐकेना. चौथ्या खेपेला गाठ बसली. त्याने ती उजेडात धरून बघितली.

"आणि मासा लागला तर?"

"तळायचा," मी म्हणून गेले, आणि जीभ चावली.

क्लेमने माझ्याकडे पाहिले. एक श्वास थांबला.

"तुझ्याकडे की माझ्याकडे?" त्याने विचारले. "स्टॅनलाही बोलवायला हवं. फार वाळलाय तो."